नव्वदची कॅसेट

हजेरी घ्यायच्या आधीच वर्गातल्या एका पोरीनं रेकॉर्डिंग सुरू करून फोन टेबलावर आणून ठेवला. पालथा, खडूच्या डबीला टेकवून. "सर, ठेवू का?" हे विचारलं ठेवून झाल्यावर.

"कोणासाठी?"

"मैत्रिणीसाठी, सर. वेचाले गेली ते."

नोव्हेंबरात आमच्याकडे एवढं उत्तर पुरतं. पटावर साठ नावं असतात, बाकांवर वीस-बावीस डोकी आणि उरलेली सगळी कपाशीत. मी मान हलवली आणि पुढचा अख्खा तास असा काही बोललो की माझ्या मायनं मला ओळखलं नसतं. 'परिणामी', 'तद्वतच', 'असे आपणांस म्हणता येईल'. समोर फोन असला की माझ्या जिभेला इस्त्री होते. एरवी माझा तास वऱ्हाडीत चालतो आणि पोरांना तो कळतोही.

याला एक कारण झालं. दोन वर्षांपूर्वी अलवचीक मागणी शिकवताना मी उदाहरण दिलं होतं की खर्रा कितीही महागला तरी आमचे सासरेबुवा तो सोडणार नाहीत. एका पोरानं तेवढंच कापून गावच्या ग्रुपवर टाकलं. वीस सेकंदही नसतील. मी घरी जाऊन हातपाय धुवायच्या आत ते सासुरवाडीला पोचलं होतं. सासरे काही बोलले नाहीत. त्या दिवाळीला मात्र त्यांनी मला जावयासारखं वागवलं नाही, प्राध्यापकासारखं वागवलं. म्हणजे खुर्ची दिली आणि निघून गेले.

तास संपल्यावर त्या पोरीनं मला फोनमधली एक करामत दाखवली. बोललेलं आपोआप लिहून येतं म्हणे. खरंच आलं होतं, फक्त 'सीमांत उपयोगिता'चं, म्हणजे प्रत्येक पुढच्या घासातून मिळणाऱ्या समाधानाचं, त्यानं सगळीकडे 'श्रीमंत उपयोगिता' करून टाकलं होतं. घटत्या श्रीमंत उपयोगितेचा सिद्धांत. मला तो मूळ सिद्धांतापेक्षा बरा वाटला. मी म्हटलं, दुरुस्त करून घे. ती हो म्हणाली. करणार नाही.

आमच्या वेळी हे काम टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डरवर चालायचं. साल १९९३, गाव दारव्हा, बीएचं दुसरं वर्ष. खोलीवरचा माझा दोस्त सीतादहीला म्हणून गावाकडे गेला तो परत यायचंच नाव घेईना. शेतात दहीभाताचा नैवेद्य झाला की वेचणी सुरू आणि वेचणी सुरू झाली की घरातला एक हात शहरात ठेवणं परवडत नाही. त्यानं निरोप पाठवला, टेप करून आण. टेप त्याच्याच काकाचा. कॅसेट मात्र नव्वदची, म्हणजे नव्वद मिनिटांची, दुकानातून भरून आणलेली, दोन्ही बाजूंना गुरुदेव सेवा मंडळाची भजनं. पुसली जाऊ नये म्हणून तिच्या वरच्या पाकळ्या मोडलेल्या होत्या. त्या भोकात काहीतरी कोंबलं की कॅसेट पुन्हा रेकॉर्डिंगला तयार. लोक कागदाची घडी कोंबायचे, आमच्याकडे अर्थातच कापूस. सर एखाद्या दिवशी लवकर थांबले तर उरलेल्या टेपवर मागणी-पुरवठ्याच्या मागून थेट खंजिरी सुरू व्हायची. दोस्ताच्या आजीला अर्थशास्त्राचा तेवढाच भाग आवडायचा.

वर्गात वीज असण्याचा भरवसा नसे, म्हणून सेल. ते उतरले की उन्हात ठेवायचे, मग दातानं दाबायचे, मग पुन्हा ठेवायचे. नवे घेतले तर हिशेब वहीत लिहायचा. कापूस विकला जाऊन चुकारा आला की तो पैसे देणार, असं ठरलं होतं. दिलेही.

टेप माझ्याच बाकावर असायचा, कारण सरांच्या टेबलावर ठेवायची हिंमत कोणात होती? त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमधला सगळ्यात ठळक आवाज सरांचा नाही, माझ्या नाकाचा आहे. हिवाळाभर मला सर्दी. दोस्त म्हणायचा, "मार्शल काय मनते ते नंतर समजते, पयले तुहं नाक आयकू येते." मार्शल म्हणजे आमच्या पुस्तकातला अर्थशास्त्रज्ञ. स्वस्तातल्या टेपांना आणखी एक खोड असायची. आवाजाची पातळी ते आपली आपण सांभाळत. बोलणारा गप्प झाला की टेप कान टवकारायचा आणि मागची बारीकसारीक खरखर सरांएवढी मोठी होऊन बसायची. सर फळ्यावर आकृती काढायला वळले की इतका वेळ लपलेलं सगळं बाहेर यायचं. पंखा, मागच्या बाकावरची कुजबुज, खिडकीबाहेर कोणाला तरी हाका मारणारी बाई. आणि कधी कधी शकुंतला.

यवतमाळ-मूर्तिजापूरची ती नॅरोगेज. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन तेव्हा अजून चालत होतं. गाडी यायची तिच्या मर्जीनं, पण आली की शिट्टी अशी लांबवायची की सर खडू तसाच हातात धरून थांबत. 'जाऊ द्या तिले,' म्हणत. एप्रिल १९९४ मध्ये ते इंजिन काढलं आणि डिझेल आलं. डिझेलचा भोंगा वर्गात यायचा, पण त्यासाठी सर कधी थांबले नाहीत. आता तर गाडीच बंद आहे, रुळांवर बाभळी. आजच्या फोनांतली काही ॲपं मागचा आवाज गाळून देतात, हे मला त्या पोरीनंच कौतुकानं सांगितलं. गाळल्यावर काय उरतं? मी आणि माझं 'तद्वतच'.

आमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते गाडगेबाबा शाळेत गेलेले नव्हते. त्यांच्या बांद्र्याच्या कीर्तनाचं, १९५६ सालचं, ध्वनिमुद्रण आहे. ते ऐकताना मला दर वेळी एकच वाटतं, की यात अर्धं कीर्तन लोकांनी केलंय. बाबा विचारतात, लोक ओरडून उत्तर देतात, बाबा त्याच उत्तराला धरून पुढं जातात. लोकांचा आवाज गाळला तर ते प्रश्न तसेच हवेत लटकून राहतील. आमचे सर बाबांच्या पासंगालाही पुरले नसते, पण प्रश्न तेही विचारायचे. "पयला आलूबोंडा खाल्ला तं कसं वाट्टे? दुसरा? तिसरा? अन् पाचवा कोनी फुकट देल्ला तं?" मागून कोणी तरी म्हणालं होतं, "घरी नेतो सर, बांधून." हे सगळं टेपवर होतं. कापसाच्या गंजीवर आडवा पडून दोस्त ते ऐकायचा आणि एकटाच हसायचा. आम्ही हसून चार दिवस झालेले असायचे.

आता कॉलेजचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा आणि नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीसची. म्हणजे रोज तीन मिनिटं कमी पडायची. बाजू संपली की रेकॉर्डिंगचं बटण खट्कन वर यायचं, सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा आणि सर पुस्तक मिटायचे. "झालं काय रे तुह्यं? मंग आता आयका." त्या तीन मिनिटांत ते परीक्षेचं सांगत. हा प्रश्न सोडू नका, ही आकृती घोटा, ते प्रकरण या वर्षी वाचलं नाही तरी चालते. कॅसेट उलटवायला दहा सेकंदही लागत नाहीत. मी उलटवायचो नाही. दुसरी बाजू उद्याच्या तासाला लागते, असं मी स्वतःला सांगायचो, आणि ते खोटं नव्हतं.

शनिवारी सायकलनं तीन कोस जाऊन मी त्याला कॅसेट द्यायचो. तो दर वेळी विचारायचा, "अन् शेवटी काय मंतलं सरनं?" त्यातलं काही मी सांगायचो, काही नाही. परीक्षा जवळ आली तसं हे 'काही नाही' वाढत गेलं. फेब्रुवारीत एकदा तर सरळ म्हटलं, "काही खास नाही गा. हजेरी घेतली अन् गेले." त्यानं मान हलवली आणि आतून माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणल्या.

आज त्या पोरीचा फोन टेबलावर सुरू होता आणि मी हजेरी घेत होतो. गैरहजर मैत्रिणीचा नंबर आला तेव्हा 'यस सर' आलं, थोड्या बारीक आवाजात, ओठांवर ओढणी धरून. मी वर न बघता खूण केली. ही लबाडी माझी जुनी आहे, मला ती वर्गाबाहेरूनही ओळखू येईल. आम्हीही तेच करायचो. दोस्ताचा नंबर सदतीस. मी घसा घोगरा करून ओ द्यायचो. तो म्हणायचा, टेप सर आत आल्याबरोबर सुरू करत जा, माहा नंबर लागला का नाही ते मले आयकाचं हाय. म्हणून दर कॅसेटची सुरुवात हजेरीनं व्हायची. छत्तीस, सदतीस, माझा घोगरा आवाज, मग अडतीस.

हजेरी सुरुवातीलाच व्हायची आणि ते त्याच्याइतकं कोणी ऐकलेलं नव्हतं.

मी रोल नंबर बावीसवर अडकलो. पोरं म्हणाली, "सर, तेवीस." मी तेवीस म्हटलं.

तीस वर्षांत तो यावर एक शब्द बोललेला नाही. रविवारी जाऊन यावं म्हणतो. पण वेचणी सुरू आहे, घरी सापडायचा नाही.