कुपीतला केवडा आणि मनगटावरचा केवडा

अत्तराची कुपी उघडून नाकाशी धरायची आणि वास आवडला की पैसे मोजायचे, अशीच अनेक वर्षे माझी रीत होती. चार वर्षांपूर्वी एका उरुसाच्या बाजारातून मी केवडा आणि वाळा यांचे मिश्र अत्तर अर्धा तोळा घेतले. कुपीत ते इतके ताजे आणि हिरवे वाटत होते की खाडीकाठच्या केवड्याच्या बनातच उभी आहे असे मला वाटले. वेंगुर्ल्याला घरी येऊन दुपारच्या उकाड्यात ते मनगटाला लावले, तर पाऊण तासात केवडा पार उडून गेला, वाळ्याचा मागमूस उरला नाही, आणि कातडीवर राहिला तो केवळ एक गोडसर, मेणचट थर. विक्रेत्याने मला फसवले की त्यालाही तेच सांगून विकले गेले होते, हे मी ठरवू शकत नाही. त्या अत्तराला चंदनाचा आधार नव्हता एवढे मात्र मनगटाने स्पष्ट सांगितले. तेव्हापासून कोणतेही मिश्रण मी कातडीवर निदान सहा तास राहिल्याशिवाय चांगले किंवा वाईट म्हणत नाही.

चंदनाचा आधार म्हणजे काय, हे अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कनौजची जुनी पद्धत पाहिली की समजते. तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, मंद आचेवर निघणारी सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे वाफ थंड करून साठवण्याच्या भांड्यात, उतरते आणि त्या भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ थंड होऊन पाणी झाली की तिच्यातला गंध तेलात मुरतो, खाली साठलेले पाणी काढून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच तेल नव्या फुलांच्या वाफेखाली पुन्हा ठेवतात. असे पंधरा-पंधरा दिवस चालते. म्हणजे खऱ्या अत्तरात फूल आणि चंदन नंतर एकत्र ओतलेले नसतात. फुलाचा गंध पहिल्या क्षणापासून चंदनाच्या कुशीतच जन्मतो. चंदन महागले तसे त्याच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त, गंधहीन तेले वापरली जाऊ लागली. कुपी हुंगून हा फरक कळणे फार कठीण आहे, कारण कुपीच्या तोंडाशी नेहमी फूलच पुढे असते.

ते पुढे असण्याचे कारण रेणूंच्या वजनात आहे. केवड्याच्या गंधाचा मोठा हिस्सा फेनिलएथिल मिथिल ईथर या एकाच द्रव्याचा असतो. त्याच्या रेणूत कार्बनचे 9 अणू, म्हणून तो हलका आणि चपळ. चंदनातील सँटालॉल आणि वाळ्यातील खुसिमॉल यांच्या रेणूंत प्रत्येकी कार्बनचे 15, हायड्रोजनचे 24 आणि ऑक्सिजनचा 1 अणू असतो. अणूंची संख्या अगदी तीच, केवळ मांडणी निराळी. आणि तेवढ्यावर एकाचा वास दुधाळ, मऊ लाकडाचा, तर दुसऱ्याचा ओल्या मुळांचा आणि मातीचा. हे मला प्रथम कळले तेव्हा मी कितीतरी वेळ दोन्ही कुप्या समोर ठेवून बसले होते. हे जड रेणू कातडीवरून सावकाश निघतात, शिवाय हलक्या रेणूंना आपल्यात विरघळवून धरून ठेवतात, त्यामुळे त्यांची उडण्याची घाई कमी होते. पॅराफिनही थोडे धरते, पण केवडा निघून गेल्यावर त्याच्यापाशी स्वतःचे सांगण्यासारखे काही नसते.

त्या फसलेल्या खरेदीनंतर मी केवड्याचे अत्तर, रूह खस म्हणजे वाळ्याचे शुद्ध तेल, आणि चंदनाचे तेल वेगवेगळे मागवले. तांब्याच्या भांड्यात उतरवलेली रूह खस हिरवट दिसते, आणि ती इतकी दाट असते की काचेच्या काडीवरून थेंब सुटायला वाट पाहावी लागते. केवड्याचे दोन थेंब, वाळ्याचा एक आणि चंदनाचे सहा असे प्रमाण मी बऱ्याच खटपटीनंतर ठरवले. मिश्रण केले त्या दिवशी तिन्ही वास तीन बाजूंना ओढत होते. कपाटाच्या अंधारात तीन आठवडे ठेवल्यावर त्यांचे कोपरे झिजले आणि कुठे केवडा संपतो, कुठे वाळा सुरू होतो, हे सांगणे अवघड झाले.

आता हे मिश्रण मनगटावर कसे वागते ते सांगते. पहिली दहा मिनिटे केवडा एकटाच बोलतो, तोही थोडा उग्र. या वेळी कोणाच्या जवळ जाऊ नये. अल्कोहोल असलेल्या परफ्युमचा जो पहिला भपकारा खोलीभर जातो तो येथे नसतो, अत्तर अंगाला धरून राहते. अर्ध्या तासाने केवड्याची धार बोथट होते आणि त्यात मधासारखी गोडी येते. दीड तासाच्या सुमारास वाळा वर येतो, आणि मिश्रणाचा हाच काळ मला सर्वांत प्रिय आहे, कारण केवडा अजून पूर्ण गेलेला नसतो आणि वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्यावर जसा गारवा येतो तसा काहीसा भास होतो. चार तासांनंतर केवडा नाहीसा होतो. मग संध्याकाळपर्यंत वाळा आणि चंदन, आणि शेवटी मनगट नाकाला अगदी टेकवले तर एकटे चंदन.

हे वेळापत्रक मार्गशीर्षातले आहे. वैशाखात तेच निम्म्यावर येते, कारण कातडी तापलेली असते आणि हलके रेणू थांबतच नाहीत. किनाऱ्यावर आणखी एक अडचण अशी की हवा आधीच पाण्याने भरलेली असल्यामुळे घाम वाळत नाही. तो अत्तराच्या थराखाली साचतो, त्यावर कातडीवरचे जिवाणू काम करतात, आणि गोड अत्तरे त्यात मिसळून आंबूस होतात. मोगऱ्याचे असे फार लवकर होते. मोगऱ्यात इंडोल नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात असते. एकटे घेतले तर ते डांबराच्या गोळ्यांची आठवण देते, पण त्याच्यावाचून मोगरा पातळ आणि निर्जीव वाटतो. फुलातले हलके, ताजे अंश उडाले की हे इंडोल उघडे पडते, आणि गजरा रात्री उशिरा जसा जडावतो तसे अत्तरही जडावते. म्हणून दमट दिवसांत मी मोगरा वाळ्याशिवाय लावत नाही; वाळ्याचा कोरडेपणा त्याला सावरून धरतो.

एकाच अत्तराचा वास दोन माणसांच्या अंगावर वेगळा का येतो, याचे कारण अनेकजण रक्तात किंवा प्रकृतीत शोधतात. माझ्या अनुभवात कातडीची ऊब आणि तिचा तेलकटपणा यांनीच बरेचसे ठरते. आमच्याकडे आंघोळीनंतर हातापायांना खोबरेल लावण्याची सवय आहे, आणि त्यावर लावलेले अत्तर जास्त काळ टिकते, मात्र त्याचा आवाज खाली येतो. कोरड्या हातावर तेच अत्तर ठळक बोलते आणि लवकर संपते.

वास घेणारे नाकही सगळ्यांचे सारखे नसते. एकदा मी मिश्रणात पांढऱ्या मस्कचा, म्हणजे कस्तुरीसारख्या कृत्रिम गंधाचा, एक थेंब घातला. मला तो इतका जाणवत होता की मिश्रण बिघडले असे वाटून मी चिंतेत पडले, आणि जाऊबाईंना हात पुढे केला. त्यांनी दोनदा हुंगून सांगितले, “माका तर कायच वास येणा नाय.” त्या थट्टा करत नव्हत्या. काही कृत्रिम मस्कचे रेणू खूप मोठे असतात आणि बाकी सर्व वास उत्तम ओळखणाऱ्या माणसालाही त्यांतला एखादा अजिबात जाणवत नाही. शिवाय स्वतःच्या अंगावरच्या वासाला नाक थोड्या वेळात सरावते, म्हणून अत्तर गेले असे समजून आपण पुन्हा लावतो आणि शेजारी बसलेल्याला त्याचा त्रास होतो. मी आता अंगणात एक फेरी मारून येते आणि मगच ठरवते.

सुरंगीचे मात्र मला अद्याप जमलेले नाही. फाल्गुन-चैत्रात आमच्या भागात सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला येतात, त्या दिवसांत दुसरे कोणतेही अत्तर लावावेसे वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी ताज्या कळ्या मी खोबरेलात भिजत घातल्या, रोज गाळून नव्या घातल्या. पाचव्या दिवशी सुरेख वास आला आणि बाराव्या दिवशी तेल खवट झाले, कारण कळ्यांतले पाणी तेलात उतरत राहिले होते आणि ते वेगळे काढायला माझ्यापाशी भपका नव्हता. गेल्या वर्षी कळ्या सावलीत पूर्ण वाळवून चंदनाच्या तेलात घातल्या. ते तेल खवट झालेले नाही, पण त्यात सुरंगीची खालची, मधासारखी बाजूच उतरली आहे. वळेसर हातात घेताच जो पहिला टवटवीत गंध येतो तो वाळवतानाच निघून गेला. यंदा अर्धवट सुकलेल्या कळ्या थोड्या थोड्या घालून पाहणार आहे.

काल सकाळी सात वाजता वाळा-केवडा लावला होता. दुपारी बांगडे साफ केले, हात साबणाने धुतले, मग लिंबाची फोड चोळली. रात्री दिवा मालवताना मनगट नाकाशी नेले, तेव्हा लिंबाचा वास संपलेला होता आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली, दोन बोटांच्या जागेत, चंदन अजून होते.