दुखण्यावरचा पॅच आणि सोलापूरचं ऊन : माझा अनुभव

सासूबाईंचा स्तनाचा कॅन्सर मणक्यांत उतरलाय. पाठीचं दुखणं आवरायला त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. १० मिलिग्रॅमची एक, दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम. पुढे गोळी गिळवेना, गिळली तरी उलटून पडायची. तेव्हा डॉक्टरांनी फेंटानिलचा, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या जोरदार दुखणं-मारक औषधाचा, २५ चा पॅच सुरू केला. अकरा महिने झाले, तो मीच लावते. कुठलं औषध आणि किती, हे डॉक्टरांचं काम. घरात तो कसा सांभाळायचा आणि कुठे हमखास चुकतं, तेवढं मी लिहितेय.

पहिली चूक नावातच होते. पॅच म्हटलं की आपल्याला कंबरेला लावायची औषधी पट्टी आठवते, जिथे दुखतं तिथे चिकटवायची. हा तसा नाही. यातलं औषध कातडीतून रक्तात जातं आणि रक्तातून सगळीकडे पोचतं, म्हणून छातीवर लावला तरी पाठीचं दुखणं उतरतं. २५ हा आकडा म्हणजे तासाला २५ मायक्रोग्रॅम. १२, २५, ५०, ७५, १०० असे आकडे येतात. २५ सुद्धा लहान डोस नाही. आधीपासून रोज मॉर्फिन किंवा तसलं औषध घेणाऱ्या, अंगाला सवय झालेल्या पेशंटसाठीच तो आहे. शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात म्हणून उरलेला एक पॅच दिला, तर त्यांचा श्वास बंद पडू शकतो. ही भीती घालण्यासाठी लिहिलेली ओळ नाही, औषधाचा स्वभावच तसा आहे.

दुसरं म्हणजे हा पॅच फार सावकाश चालतो. आधी तो कातडीखाली औषधाचा साठा करतो आणि मग त्या साठ्यातून रक्तात सोडतो. लावल्यावर पहिले १२ तास विशेष काही जाणवत नाही, खरा आराम पडायला १२ ते २४ तास जातात. म्हणून आम्हाला पहिले १२ तास मॉर्फिनची गोळी चालू ठेवायला सांगितली होती. पहिल्या रात्री पेशंट कण्हतो, घरच्यांना वाटतं पॅच लागू पडत नाही, आणि कोणीतरी दुसरा लावायची घाई करतं. तसं अजिबात करू नका. डोस वाढवायचा की नाही हे डॉक्टरसुद्धा तीन दिवस पाहिल्याशिवाय ठरवत नाहीत. मधेच उसळणाऱ्या दुखण्यासाठी मॉर्फिनची वेगळी गोळी लिहून दिलेली असते. ती किती वाजता दिली ते वहीत लिहायचं. दिवसाला तीन-चारदा लागायला लागली की वही घेऊन डॉक्टरांना गाठायचं. ते त्या वहीवरूनच पुढचा डोस ठरवतात.

उतरतानाही तो तितकाच सावकाश उतरतो. पॅच काढला तरी रक्तातलं औषध निम्मं व्हायला १७ तास किंवा त्याहून जास्त लागतात. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल, ध्यानात असू द्या.

आता जी चूक मराठी घरातच होते ती सांगते. ‘तिसऱ्या दिवशी बदला’ असं सांगतात. आपण तिसरा दिवस कसा मोजतो? मयताच्या तिसऱ्यासारखा, आजचा दिवस धरून. सोमवारी लावला, सोमवार-मंगळवार-बुधवार, झाला तिसरा. म्हणजे ४८ तासांत बदलला. असं दोन-तीनदा झालं की साठ्यावर साठा चढतो आणि पेशंट दिवसभर झापडलेला दिसतो. पॅच ७२ तासांचा आहे. सोमवारी सकाळी ९ ला लावला तर गुरुवारी सकाळी ९ ला बदलायचा, मग रविवारी ९ ला, मग बुधवारी. वार सरकत जातो, तास तोच राहतो. ‘दर सोमवारी आणि गुरुवारी’ असा सोयीचा नेम केला तर एका फेरीत चौथा दिवस उजाडतो आणि त्या दिवशी दुखणं उसळतं. मी महिना लागला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहाही तारखांना गोल करून टाकते आणि पॅच लावला की गोलात टिक करते. डॉक्टर, सिस्टर, औषधवाले, कोणीही दिवसांत सांगितलं तरी आपण तासांत विचारून घ्यावं.

ब्युप्रेनॉर्फिन नावाच्या दुसऱ्या दुखण्यावरच्या औषधाचा पॅच वेगळा. तो सांधे, मणके अशा जुनाट दुखण्यांना देतात. ५, १० आणि २० चे जे पॅच येतात ते सात दिवसांचे असतात, आणि एकदा लावलेली जागा तीन आठवडे पुन्हा वापरायची नसते. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, अदलाबदल चालत नाही. पाकिटावरचं नाव वाचायचं, रंगावर जायचं नाही.

लावायची रीत अशी. जागा सपाट, कोरडी, बिनकेसांची हवी: कॉलरबोनखाली छातीचा वरचा भाग, दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठीचा वरचा भाग. रेडिएशन दिलेली, खरचटलेली किंवा पुरळ आलेली कातडी नको. केस असतील तर कात्रीने बारीक करायचे, वस्तरा फिरवायचा नाही, कारण सोललेल्या कातडीतून औषध जास्त ओढलं जातं. जागा नुसत्या पाण्याने पुसायची. साबण, स्पिरिट, खोबरेल तेल, पावडर, काही नको. मग पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची. आधी जुना पॅच काढायचा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण पाठीवरचा जुना पॅच साडीच्या पदराखाली दिसत नाही आणि त्यावर नवा चढतो, हे खरंच होतं. म्हणून काढलेला पॅच हातात आल्याशिवाय मी नवं पाकीट फोडत नाही.

पाकीट खाचेपाशी हाताने फाडायचं. कात्रीने कापताना आतल्या पॅचला टोक लागलं तर तो पॅच बाद, लावायचा नाही. अर्धा डोस हवा म्हणून मुद्दाम कापायचाही नाही. पॅचच्या मागे पारदर्शक कागद असतो, त्याला मधोमध नागमोडी चीर असते. पॅच थोडा वाकवला की चीर उघडते. अर्धा कागद सोलायचा, ती अर्धी बाजू कातडीवर टेकवायची, मग दुसरा अर्धा हळूच ओढून घेत पुढे बसवत जायचं. चिकट बाजूला बोट लागू द्यायचं नाही. तळवा सपाट ठेवून ३० सेकंद दाबायचं. चोळायचं नाही, दाबूनच धरायचं, आणि कडांवरून बोट फिरवून बघायचं. मी मनात तीसपर्यंत आकडे म्हणते, कारण घाईत आपले ३० सेकंद दहातच संपतात. मग हात साध्या पाण्याने धुवायचे. पुढचा पॅच दुसऱ्या बाजूला लावायचा. जुन्या जागी थोडी लाली राहते, ती एक-दोन दिवसांत जाते.

उष्णतेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या गावात खरा धोका तोच आहे. कातडी तापली की औषध वेगाने आत जातं. ताप ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढला तर रक्तातलं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं, असा हिशेब औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. आणि आपल्याकडे दुखणं म्हटलं की पहिला उपाय शेक! गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधणं, तिळाचं तेल कोमट करून मालिश. भेटायला येणारी प्रत्येक मोठी बाई यातलं काहीतरी मायेने सुचवते, आणि नाही म्हणायला जीभ उचलत नाही. तरी नाहीच म्हणायचं. पॅचवर आणि त्याच्या आसपास शेक नाही, तेल नाही. कढत पाण्याची अंघोळ नाही, कोमट चालते, फक्त त्या जागी वजरी किंवा घासणी फिरवायची नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी उभं राहवत नाही. लाइट गेली की पंखाही बंद. अशा दुपारी सासूबाईंना आम्ही पत्र्याखालच्या खोलीतून खालच्या फरशीच्या खोलीत आणतो, ओल्या कापडाने अंग पुसतो (पॅचवर पाणी चोळत नाही), आणि तासातासाला हाक मारून बघतो. हिवाळ्यात उलटं होतं. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यायला अंगणात बसवतात. बसू द्या, पण पॅच कपड्याखाली सावलीत राहील असं. सोलापुरी चादर पांघरायला हरकत नाही, तिच्याखाली गरम पिशवी मात्र नको. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पॅच चालू आहे, कितीचा आहे आणि कधी लावला, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.

घामाने कडा सुटतात. सुटलेल्या कडांवर कागदी चिकटपट्टी लावायची, फक्त कडांवर. पॅच पूर्ण निघून पडला तर तोच पुन्हा चिकटवायचा नाही. नवा पॅच नव्या जागी लावायचा आणि ७२ तास तिथून पुढे मोजायचे, कॅलेंडरवरचे गोल त्याप्रमाणे सरकवायचे. पडलेला पॅच मात्र सापडलाच पाहिजे. गादीवरून तो लहान मुलाच्या अंगाला चिकटू शकतो.

बद्धकोष्ठ पहिल्या दिवसापासून धरून चालायचं. मॉर्फिनपेक्षा पॅचने कमी होतं, पण होतं. इथे घरचा इसबगोल कामाचा नाही. पेशंट पाणी कमी पितो आणि भुसा आतच घट्ट बसतो. डॉक्टर बिसाकोडिल किंवा लॅक्टुलोजसारखं औषध देतात, ते शौचाला होत असतानाही रोज द्यायचं. मळमळ बहुधा पहिल्या आठवड्यात असते, मग कमी होते. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा दारू यांची जोड झाली तर श्वास मंदावतो. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या काही गोळ्यांनी फेंटानिलचं प्रमाण वाढतं, तर टीबीच्या रिफॅम्पिसिनने ते घटतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी पॅचचं नाव आधी सांगायचं. एमआरआयच्या आधीही सांगायचं. काही पॅचच्या थरात धातू असतो, तो तापून कातडी भाजते.

नणंदबाईंनी एकदा विचारलंच, ‘‘वहिनी, आईला याची नशा लागणार नाही ना?’’ सवय अंगाला लागते, म्हणून पॅच एकदम बंद करायचा नाही. केला तर घाम, जुलाब, जांभया, अस्वस्थपणा येतो, आणि दुखणं दुपटीने परततं ते वेगळंच. व्यसन म्हणजे त्रास होत असूनही मन पुन्हा पुन्हा तिकडेच धाव घेतं. सासूबाई पॅच लावल्यावर भाकरी कुस्करून दूध-भाकरी खातात आणि उशीला टेकून बसतात, एवढंच त्यांना हवं असतं. दुखण्यावर नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाला नशा म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. त्या एका शब्दापायी किती माणसं कण्हत राहतात.

धोक्याच्या खुणा घरातल्या सगळ्यांना पाठ हव्यात. हाक मारून, खांदा हलवूनही नीट जाग येत नाही. श्वास मिनिटाला १० पेक्षा कमी, किंवा घशात घरघर. बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ निळसर. असं दिसलं की पॅच काढायचा, वेळ लिहायची आणि १०८ ला फोन लावायचा. पॅच काढला, आता उतरेल म्हणून घरी थांबायचं नाही, ते १७ तास आठवा. दवाखान्यात नालोक्सोन, म्हणजे या औषधावरचा उतारा, देतात, पण त्याचा असर फेंटानिलच्या आधी संपतो, म्हणून पेशंटला किमान २४ तास नजरेखाली ठेवावं लागतं. ‘बऱ्या दिसतायत, घेऊन जातो’ म्हणू नका.

मिळवायचं म्हणाल तर फेंटानिल कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. १९८५ च्या या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यानंतर मॉर्फिन, फेंटानिल यांसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था त्यांचा साठा ठेवू शकतात. शहरात सिव्हिल आहे, जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. कुठेही गेलात तरी सरळ विचारा, ‘तुमच्याकडे पॅलिएटिव्ह केअर (दुखणं-त्रास कमी करायची सेवा) आहे का आणि फेंटानिलचा साठा असतो का?’ एका ठिकाणी आम्हाला ‘असलं काही नसतं’ म्हणून परत पाठवलं होतं. नंतर कळलं, काउंटरवरच्या माणसाला माहीत नव्हतं. चिठ्ठी, निदानाचे कागद आणि पेशंटचं आधार कार्ड यांच्या दोन-दोन झेरॉक्स पिशवीतच ठेवा.

काढलेल्या पॅचमध्ये बरंच औषध उरतं. काही कंपन्यांच्या २५ च्या पॅचमध्ये ४.२ मिलिग्रॅम भरलेलं असतं आणि ७२ तासांत त्यातलं १.८ च्या आसपास जातं. निम्म्याहून जास्त आतच! म्हणून चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, पाकिटात घालायचा आणि कुलपाच्या डब्यात ठेवायचा. घंटागाडीत टाकायचा नाही. आम्ही जुने पॅच मोजून हॉस्पिटलात परत देतो. जिथे परत घेत नाहीत तिथे दुमडून संडासात टाकून भरपूर पाणी ओतावं, अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेचाही हाच सल्ला आहे. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा त्यासाठी एक बादली भरून ठेवा.

तीस दिवसांना बरोबर दहा पॅच लागतात, अकरावा नसतो. एक पडला की महिनाअखेरीला तीन दिवस कोरडे जातात. म्हणून आठवा पॅच लावला की त्याच दिवशी पुढच्या चिठ्ठीसाठी निघायचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाकडचे रस्ते भरलेले असतात, तेव्हा सातव्यालाच.