रोप चित्रात नव्हतं

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे कानळाची राई आहे. देवाच्या नावाने राखलेली, जेमतेम २.५९ हेक्टरची. तिथल्या चिखलात रानजायफळाची, म्हणजे मिरिस्टिका मॅग्निफिकाची झाडं उभी आहेत. आधारमुळं खोडातून निघतात आणि छत्रीच्या काड्यांसारखी पसरत खाली उतरतात. पश्चिम घाटाबाहेर हे झाड कुठेच नाही, आणि इथेही ते संकटात आहे.

मी वनस्पतींची चित्रं काढते. आसपासच्या वाड्यांत लावायला या झाडाचा फलक करायचा होता. फोटो का नको, असं मला बऱ्याचदा विचारतात. फोटोत त्या क्षणी समोर असेल तेवढंच येतं. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. फूल आणि पिकलेलं फळ एकाच दिवशी हाती लागत नाही. चित्रात नरफूल, मादीफूल, दुभंगलेलं फळ आणि बियेला जाळीसारखी लपेटलेली पत्री, सगळं मोजूनमापून एका कागदावर बसतं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटसाठी रंगिया आणि गोविंदू यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेली चित्रं गिरवतच मी ही मांडणी शिकले.

जूनअखेरीस कच्चं चित्र घेऊन राईत गेले. पानाचा खालचा फिकट रंग ताज्या पानावरून जुळवायचा होता. तोडलेल्या पानाचा रंग लगेच उतरतो. शेजारच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, काम करणाऱ्या एक काकी बघायला आल्या. कागद हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिल्या.

"बाय, ह्यां फळ आमका खंय दिसता? तां वर ऱ्हवता. आमका पायाकडे रोपा दिसतत, नि तण समजान कोयतीन साफ करतांव."

मी सुन्न झाले. राईत कोयती चालत नाही, पण ओहोळाच्या कडेने सुपारीच्या बागा आहेत, आणि वाहत आलेली बी तिथेही रुजते. ही बी वाळली की मरते, साठवून ठेवता येत नाही. जे रुजलं तेच खरं. आणि नेमकं तेच माझ्या चित्रात नव्हतं.

काकींनीच ओहोळाकाठचं एक रोप दाखवलं. वीतभर उंच, चार पानं, बुडाशी बी अजून चिकटलेली. उपटायचं नव्हतं, म्हणून चिखलात मांडी घालून बसले आणि डिव्हायडरने पान न् पान मोजलं. मध्येच पाऊस आला. काकींनी कागदावर इरलं धरलं, स्वतः भिजत उभ्या राहिल्या. अंधार पडेपर्यंत शिरा पुऱ्या झाल्या.

आता फलकावर मधोमध रोप आहे, जसंच्या तसं, वीतभर. फूल आणि फळ कोपऱ्यात गेलं. पहिली प्रत काकींच्या गोठ्याच्या भिंतीवर लागली, कोयती टांगायच्या खुंटीशेजारी. जागा त्यांनीच निवडली.