पॅटर्नच्या सागवानापासून रायफलच्या दस्त्यापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपवरची पाटी अजून पॅटर्नचीच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी ती लावली, तेव्हा बंदुकीशी आमचा संबंध दिवाळीच्या टिकल्यांपुरता होता. फाउंड्रीत ओतकामासाठी जो लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न करणं हा आमचा घरचा धंदा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्नमेकरकडे वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा लांब. लहानपणी मी ती शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला मार खाल्ला.

पुढे अ‍ॅल्युमिनिअमचे पॅटर्न आले, मग सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापण्याचं मशीन आलं, आणि आमच्या रंध्याला काम उरेना. चार कारागिरांचे दोन झाले. त्या मंदीत एक गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, वर्कशॉपात आला. परवाना असलेला दुकानदार, वडिलांच्या ओळखीतला. त्याच्या पिशवीत मोडक्या दस्त्याचे, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला लागणाऱ्या लाकडी भागाचे, दोन तुकडे होते. रायफल .22 ची, म्हणजे बारीक काडतुसाची, सेमी-ऑटोमॅटिक, पन्हाळ्याकडच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याची. जीपमधून पडली आणि दस्ता मनगटात, म्हणजे मूठ जिथे बारीक होते तिथे तुटला. मूळ कंपनीचा दस्ता मिळत नव्हता. "तुम्ही ओतकामातल्या पोकळीचे एवढे किचकट साचे, कोअर बॉक्स करता, हे होणार नाही व्हय?" असं म्हणून तो बसलाच.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरली आणि आजवर मोडलेली नाही. बंदूक परवानाधारकाच्या हातात, आमच्या हातात फक्त लाकूड. तो स्वतः येतो, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं करून दाखवतो, मापं होईपर्यंत बसतो आणि जाताना बंदूक घेऊन जातो. आमच्या छपराखाली बंदूक एक रात्रही राहत नाही.

दस्ता मी सागवानाचा केला, कारण घरात तेच होतं. बसवला असा घट्ट, की कागदसुद्धा मध्ये जाऊ नये. लोखंडाला काजळी लावून, लाकडाला टेकलेला प्रत्येक काळा ठिपका पटाशीने काढत, आठ दिवस. थोरल्या मिस्त्रींनी पाठ थोपटली. पंधरा दिवसांनी गनस्मिथ परत आला. पहिली गोळी सुटते, दुसरी सुटते, तिसऱ्याला काडतुसाचं रिकामं टरफल, म्हणजे केस, अडकतं. शिवाय मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, ओढून काढावं लागतं.

चूक माझ्या कौतुकाच्या घट्टपणातच होती. सेमी-ऑटोमध्ये गोळी सुटली की त्याच जोरावर बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता लोखंडी भाग, मागे जातो, रिकामं केस फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस आत ढकलतो. .22 च्या काडतुसात जोर तो किती! बोल्टचा दांडा लाकडाला केसभर जरी घासला, तरी बोल्ट पुरता मागे जात नाही. खाचेच्या मागच्या टोकाला एक चकचकीत डाग पडला होता. कानशीचे तीन हात मारले आणि बंदूक चालायला लागली. मॅगझिनच्या भोकाभोवतीचं लाकूड मात्र पावसाने फुगून भोक आवळलं होतं. पन्हाळ्याचा जुलै तो, कोरडं लाकूड सापडणार कुठे? तिथे चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळा सोडला आणि उघड्या लाकडाला आतून सीलर लावला.

तेव्हापासून आमचा हिशेब असा आहे. धक्का जिथे येतो तिथे लाकूड पक्कं टेकलं पाहिजे. जिथे काही हलतं, तिथे जागा हवी. रिसीव्हरची, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी खोक्याची, शेपटी लाकडात शिरते तिच्या मागेही थोडी फट ठेवायची. नाही ठेवली, तर प्रत्येक धक्क्याला ती पाचरीसारखी लाकूड फाडत जाते. पॅटर्नमध्ये आम्ही आकसण्याचा हिशेब करायचो, आता फुगण्याचा करतो.

लाकूडही बदललं. सागवान उभं फाटतं, तेलकट असल्याने डिंक धरत नाही आणि पटाशीची धार खातं. शिसव दिसायला देखणं, पण जड. अक्रोड महाग, तरी मनगटात चिवट आणि वळणात कापायला सरळ. मात्र रेषा मुठीतून लांबीच्या दिशेने गेलेली पाहिजे. आडवी रेषा असलेला नक्षीदार तुकडा फोटोत छान दिसतो आणि पहिल्या आपटीला मोडतो. एका पुरवठादाराने आम्हाला वाळलेलं म्हणून अक्रोड दिलं. वरून मीटर 10 टक्के ओल दाखवायचा, कापल्यावर आत 20. त्यातले दोन दस्ते दोन महिन्यांत पिळले. दोन्ही गिऱ्हाइकांचे पैसे परत केले, त्या वर्षी घरचा रंग राहिला. आता तुकडा आला की तारीख टाकून माळ्यावर, किमान वर्षभर.

आज बंदुकांपेक्षा एअर रायफलचं, म्हणजे हवेच्या जोरावर छर्रा मारणाऱ्या रायफलचं, काम जास्त आहे. कोल्हापूरला नेमबाजीचं वेड जुनंच. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, तेव्हापासून मुली रेंजवर जास्त दिसायला लागल्या. 2024 मध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारातलं, कांस्य आणलं आणि पुढचे दोन महिने आमचा फोन थांबेना. "मुलाला चांगला स्टॉक, म्हणजे दस्ता, करून द्या, पैशाचं बघू नका." आम्ही पैशाचं बघत नाही, मुलाचा हात बघतो. कोपर काटकोनात वाकवून आतल्या वळणापासून तर्जनीच्या पहिल्या सांध्यापर्यंतचं अंतर घेतलं, की ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतच्या लांबीचा अंदाज येतो. मोठ्यांच्या रायफलीत ती साडेतेरा इंचांच्या आसपास असते. बारा वर्षांच्या पोराच्या हातात ती दिली, तर ते कमरेतून मागे झुकतं आणि ती खोड वर्षानुवर्षं जात नाही. अशा वेळी आहे तोच दस्ता कापून आम्ही 10 मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या देतो. पोर वाढलं की पट्टी वाढवायची.

दुसरी तक्रार दुर्बीण लावल्यावरची. जुने दस्ते उघड्या साइटसाठी, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणांसाठी, खाली कापलेले असतात; दुर्बीण वर बसते आणि गालाऐवजी हनुवटी टेकते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. दुर्बिणीत काळी कड दिसली, तर गालाची जागा चुकली. त्यावर नवा दस्ता लागतोच असं नाही. वर सरकणारी एक गालपट्टी बसवली की भागतं. स्प्रिंगच्या एअर रायफलीचं तर अजून सोपं. ती मागेही झटकते आणि पुढेही, त्याने स्क्रू ढिले पडतात, छर्रे विखुरतात आणि दोष लाकडाला जातो. गेल्या पावसाळ्यात दस्ता बदलायला दहाजण आले; त्यातल्या सहाजणांचे स्क्रू आवळून त्यांना चहा पाजून पाठवलं. बायको हिशेब बघते, ती म्हणाली, "असंच चालू दे, चहाचंच दुकान काढू." त्यातले तिघे पुढे दुसऱ्यांना घेऊन आले, हे मी तिला वहीत दाखवलं.

आता दस्त्याचा ओबडधोबड आकार शेजारच्या सीएनसीवर काढून घेतो. होय, त्याच मशीनवर, जिने आमचं पॅटर्नचं काम नेलं. आतली खाच मात्र हातानेच कोरतो, आणि जवसाच्या तेलाचे हात बायको देते. एकेक हात वाळायला दिवस दिवस जातो, घाई केली तर चिकट राहतं. पहिल्या सागवानी दस्त्याच्या शेतकऱ्याने यंदा अक्रोडाचा करून मागितला. जुना त्याने परत दिला, तो आता पाटीच्या खाली टांगलाय. खाचेतला तो चकचकीत डाग कानशीखाली अर्धा गेला, अर्धा अजून दिसतो.