टेकायची जागा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराला कट्टा आहे. दीड हात रुंद, काळ्या दगडाचा, वरून शहाबादी फरशी. आजोबांच्या वेळी शहापूर सांगली संस्थानात होतं. संस्थान गेलं, कट्टा राहिला. मराठीत कट्टा, कानडीत कट्टे. पाटीवरच्या अक्षरांवरून ज्या गावात डोकी तापतात, तिथं या शब्दावर अजून कुणी दावा ठोकलेला नाही. संध्याकाळी बसणारे दोन्हीकडचे असतात, म्हणून असेल.

परवा खडेबाजारात चालता चालता गुडघा धरला. एका कापड दुकानाच्या पायरीवर जरा टेकावं म्हणून वाकलो, तर कडेला लोखंडी पट्टी, आणि तिच्यावर बोटभर उंचीचे टोकदार दात. ओळीनं वेल्ड केलेले, वर हिरवा ऑइल पेंट. रंग ताजा होता, म्हणजे दिवाळीला निगासुद्धा राखली होती. आतून दुकानदार म्हणाला, "काका, आत या की, खुर्ची हाय." माणूस चांगला. दात माझ्यासाठी नव्हतेच, रात्री पिऊन पडणाऱ्यांसाठी होते. पण दाताला कुठली रात्र आणि कुठला गुडघा!

ही अक्कल काही आपलीच नाही. लंडनच्या कॅम्डेन भागात 2012 साली काँक्रीटचा एक बाक बसवला. चारी बाजूंनी उतार, सपाट जागा नावाला नाही, फट नाही, खाच नाही. झोपता येऊ नये, स्केटबोर्ड घासता येऊ नये, गर्दची पुडी लपवता येऊ नये. काय काय करता येऊ नये, याचा एवढा विचार बसण्याच्या वस्तूवर आधी कुणी केला नसेल. त्याच लंडनमध्ये 2014 साली एका इमारतीच्या दाराशी खिळे ठोकले, तेव्हा लोक एवढे खवळले की ते उपटावे लागले. मुंबईत फोर्टमध्येही 2018 साली एका बँकेच्या दारात असे खिळे आले आणि ओरड झाल्यावर गेले. आमच्या बाजारातले दात मात्र सुखात आहेत. त्यांचा फोटो काढायला कोण येतंय?

आमच्या बसस्टॉपवर पूर्वी सिमेंटचा लांबलचक बाक होता. बाजाराच्या दिवशी खेड्याकडच्या बायका त्यावर पोरं आडवी करायच्या, उरलेल्या जागेत बुट्ट्या. आता स्टीलच्या तीन खुर्च्या आहेत, मधे दांडे. पावसाळ्यात गार, एप्रिलात चटका. चौथ्या माणसानं सरकून घ्या म्हणायची सोयच नाही. सरकायचं कुठं?

एवढं तावातावानं लिहितोय खरं, पण गेल्या वर्षी आमच्या कट्ट्यावर निवडुंगाच्या पाच कुंड्या मीच मांडल्या. रात्री बारापर्यंत पोरांच्या गाड्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या, सकाळी फरशी घासून घासून बायकोची कंबर गेली. सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. मग कुंड्या. कुणी विचारलं की म्हणायचं, "शोभा!" पोरं गेली, पुढच्या गल्लीत कुणाच्या तरी दारात बसत असतील.

भाजीवाली मावशी येळ्ळूरहून येते. डोक्यावरची बुट्टी ती वर्षानुवर्षं आमच्या कट्ट्यावर उतरवायची. कट्ट्याची उंची बरोबर तिच्या कंबरेएवढी. जमिनीवर उतरवली तर पुन्हा उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं. कुंड्या मांडल्या त्या दिवशी ती दारात उभीच राहिली, एका हातानं बुट्टी धरून. काही बोलली नाही. मी खिडकीतून पाहत होतो आणि मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कडेची कुंडी खाली पायरीशी होती. बायकोनं ठेवली की मावशीनं, मी विचारलं नाही. आता कट्ट्यावर चारच कुंड्या आहेत, आणि पाचवीच्या जागी मेथीची माती पडलेली असते.