थांबलेल्या कामांची वही

शनिवार, रात्री पावणेबारा

मिळालं. आयआयटी मद्रास, एम.टेक., बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट.

जेवणाच्या सुट्टीत सातव्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून मोबाइलवर पाहिलं, कारण साइटवर रेंज तिथेच येते. कोॲपच्या, म्हणजे आयआयटींच्या एम.टेक. प्रवेशाच्या पोर्टलच्या पानावर तीन पर्याय होते. 'ॲक्सेप्ट अँड फ्रीज' दाबायच्या आधी संस्थेचं नाव आणि कोर्सचं नाव बोटाने धरून तीनदा वाचलं, कारण ते दाबलं की मागे फिरता येत नाही. मग दाबलं आणि पायरीवरच बसले. खाली मिक्सरचा आवाज चालू होता. पहिला फोन अण्णांना केला. ते ड्यूटीवर होते, मागे स्टँडवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. एवढंच म्हणाले, "बरं झालं. जेवलीस का?" दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला, "परत एकदा सांग, नीट ऐकू आलं नव्हतं." त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं, हे मला कळत होतं.

आधीच्या राउंडला एका नव्या आयआयटीत स्ट्रक्चरची सीट मिळाली होती. तेव्हा मी 'रिटेन अँड वेट' केलं, म्हणजे ती सीट हातात ठेवून पुढच्या राउंडची वाट पाहायची. कराडच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना ते पटलं नव्हतं. स्ट्रक्चर म्हणजे खरं इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट काय कुणीही करेल, असं आमच्यात सगळेच म्हणतात. मीही म्हणायचे. तीन वर्षं पुण्यात साइटवर काढली नसती तर आजही म्हणत असते.

माझं मत बदललं ते चौथ्या स्लॅबच्या वेळी. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, पूर्ण झालं होतं, सळई साइटवर येऊन पडली होती, फिटरांची अकरा जणांची टोळी तयार होती. तेवढ्यात निरोप आला की बीमचं ड्रॉइंग बदलतंय, सुधारित येईपर्यंत हात लावू नका. ड्रॉइंग सहा दिवसांनी आलं. एक बीम बदलला होता. एक!

त्या सहा दिवसांत माझा पगार चालू होता. आमच्या ऑफिसात सगळ्यांचाच चालू होता. फिटरांचं काम टनावर असतं. सळई बांधली तर पैसे, नाही बांधली तर नाही. चौथ्या दिवशी त्यांचे मुकादम, गुलबर्ग्याकडचे, वयाने अण्णांएवढे, मला म्हणाले, "मॅडम, किराणावाला ड्रॉइंगची वाट बघत नाही." पाचव्या दिवशी टोळीतले तिघं दुसऱ्या साइटवर गेले. ड्रॉइंग आलं तेव्हा माणसं कमी पडली आणि स्लॅब आणखी तीन दिवस लांबला. मीटिंगमध्ये उशिराचं कारण लिहिलं गेलं: 'लेबर शॉर्टेज'. मी त्याच खोलीत बसले होते आणि काही बोलले नाही. ते मला अजून लागतं.

त्या रात्रीपासून वही सुरू केली. सवय अण्णांची. ते एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. गाडी उशिरा आली की किती मिनिटं आणि का, हे लिहायचंच. मी लिहू लागले: कोणतं काम थांबलं, किती वेळ, कशासाठी, किती माणसं बसून राहिली. पहिल्या तीन महिन्यांत ८७ नोंदी झाल्या. त्यात पावसाने थांबलेली कामं ९ होती. बाकी सगळी आमची: ड्रॉइंग, मंजुरी, सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक संपले, पंप आला पण ऑपरेटर नाही, चेकिंगला येणारे साहेब दुसऱ्या साइटवर.

काँक्रीटला थांबावंच लागतं, ते वेगळं. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्याला १४. त्याबद्दल कधी कुणाची तक्रार ऐकली नाही. मुकादम ते दिवस धरूनच टोळीचा हिशेब लावतात. आधी माहीत असलेलं थांबणं माणूस सोसतो.

पुढे एकदा रात्री एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींची लेक्चर्स फुकट मिळतात त्या साइटवर, आयआयटी मद्रासचे प्रोजेक्ट प्लॅनिंगचे व्हिडिओ बघत होते. बघत होते ते गेटसाठीच, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेसाठी; क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रोजेक्ट किती दिवसांत संपेल हे ठरवणारी कामांची सगळ्यात लांब साखळी, सिलॅबसमध्ये आहे म्हणून. डिग्रीला तो शिकलो होतो. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कामातून ती पद्धत निघाली. गणितात प्रत्येक कामाचे दिवस ठरलेले असतात आणि आपण बाण काढून बेरीज करायची. वाचता वाचता त्या रात्री 'लास्ट प्लॅनर' या पद्धतीपाशी पोचले. अमेरिकेतल्या ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ती मांडली. काम प्रत्यक्ष करून घेणाऱ्या माणसाला, म्हणजे आमच्याकडे मुकादम-सुपरवायझरला, आठवड्याच्या योजनेत बसवायचं. जे काम खरंच सुरू होऊ शकतं, ड्रॉइंग, माल, माणसं, जागा सगळं तयार आहे, तेवढ्याचाच शब्द द्यायचा. आठवडा संपला की दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले ते मोजायचं आणि न पाळलेल्या प्रत्येकाचं कारण लिहायचं. त्यांनी सुरुवातीला मोजलं तेव्हा ठरलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच त्या आठवड्यात होत होती.

मी उठून वही काढली. रात्रीचा एक वाजला होता. माझ्या गिचमिड अक्षरातल्या त्या नोंदी म्हणजे एका विषयाची सुरुवात आहे, तो विषय कुठेतरी नीट शिकवतात, हे कळल्यावर मला रडू आलं. कोर्स त्या रात्री ठरला.

गेटचा पहिला प्रयत्न वाया गेला. साइटवरून आठला खोलीवर यायचं, पोळी-भाजी खायची आणि पुस्तक उघडल्यावर झोप. ६५ प्रश्न, तीन तास, एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांत चुकलं की मार्क कापणार, आणि तो स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर माउसने दाबत बसायचा. दुसऱ्या वर्षी पहाटे चारला उठायला लागले. त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. केलं.

पैशाचं मात्र लिहिते. आता हातात २८ हजार येतात. एम.टेक.ला गेटवाल्यांना महिना १२,४०० मिळतात. धाकटीची फी आहे, घराचा हप्ता आहे. गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा अण्णांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुझी ती वही आणलीस का?" आणली होती. चष्मा लावून तासभर वाचत बसले. एका पानावर थांबून विचारलं, "ही अकरा माणसं सहा दिवस नुसती बसून?" मी हो म्हटलं. "आणि कारण लेबर शॉर्टेज?" मी परत हो म्हटलं. मग आईकडे बघून म्हणाले, "दोन वर्षं ओढू आपण. जाऊ दे तिला."

आज संध्याकाळी मुकादमांना सांगितलं. त्यांना आयआयटी वगैरे ठाऊक नाही. चेन्नई म्हटल्यावर म्हणाले, "लांब आहे. तिकडे काय शिकणार?" मी म्हटलं, तुमची टोळी बसून राहू नये म्हणून काय करायचं ते. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "असं शिकवतात?" म्हणाले, आणि डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला सळईच्या गंजाचा वास होता.

उद्या रविवार असला तरी सात वाजता आठव्या स्लॅबचं चेकिंग आहे. कव्हर ब्लॉक संध्याकाळपर्यंत आले नव्हते, दोनदा फोन केला. वहीत लिहून ठेवलंय. पावणेसातपर्यंत नाही आले तर स्वतः जाऊन घेऊन येईन.