कट केलेले तास

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली. कळवा-पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला होता, हे नंतर कळलं. मी राहते कळव्यातच. वीज गेली तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवरून एक टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर दहावीच्या बीजगणिताचे व्हिडिओ जात होते.

करोनामुळे शाळा बंद होत्या. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी एकच मोबाइल, तोही वडील रात्री कामावरून आले की हातात मिळणार. ऑनलाइन तासाला ही मुलं कधीच नसायची. त्यांच्यासाठी जूनपासून मी ६१ तास फोनवर रेकॉर्ड केले होते, दाराला फळा टांगून, घरातला पंखा बंद करून. कॉम्प्युटरमधली जागा संपत आली म्हणून ते हलवायला घेतले आणि घाईत कॉपी न करता कट केले, म्हणजे तिकडे गेलेली फाइल कॉम्प्युटरमधून पुसली जाणार.

दुपारी वीज आली. डिस्क जोडली तर विंडोज म्हणतंय, आधी फॉरमॅट करा. पोटात गोळा आला. माझा एक जुना विद्यार्थी ऐरोलीला सर्व्हर सांभाळायच्या कामावर आहे, त्याला फोन लावला.

"बाई, फॉरमॅटला हात लावू नका. चेक डिस्कसुद्धा चालवू नका, ती जागच्या जागी बदल करते. डिस्कमधून टकटक आवाज येतोय का?"

"नाही रे, नेहमीसारखीच फिरतेय."

"मग बरंय. टकटक असती तर ती बंद करून सरळ रिकव्हरीवाल्यांकडे न्यावी लागली असती. काढून ठेवा, संध्याकाळी येतो."

येताना त्याने स्वतःचा लॅपटॉप, दोन टीबीची रिकामी डिस्क आणि उबंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, पेनड्राइव्ह आणला. माझी डिस्क टीव्हीलाही चालावी म्हणून एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. विंडोजची नेहमीची पद्धत, एनटीएफएस, आपल्या बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी बरंच सावरते. एक्सफॅटकडे तशी वही नाही. डिस्कची सुरुवातीची माहिती बिघडली होती, म्हणून विंडोजला ती कोरी वाटत होती. व्हिडिओ बहुतेक जिथल्या तिथेच असणार, असं तो म्हणाला. त्या एका वाक्याने मला केवढा धीर आला!

मूळ डिस्कवर काहीच लिहायचं नाही, ही त्याची पहिली अट. डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली. जुना यूएसबी पोर्ट, त्यामुळे रात्रभराचं काम. पुन्हा वीज गेली तर? लॅपटॉपला बॅटरी होती, शिवाय डीडीरेस्क्यू कुठवर वाचलं याचा नकाशा एका फाइलीत ठेवतं आणि तिथूनच पुढे सुरू करता येतं. तरी मी रात्री तीनदा उठून स्क्रीन पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या प्रतीवर टेस्टडिस्क हा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला. एक्सफॅट आपल्या बूट सेक्टरची, म्हणजे त्याच सुरुवातीच्या माहितीची, राखीव प्रत ठेवतं, ती शाबूत होती. ती जागेवर बसवली आणि माझे फोल्डर दिसायला लागले: रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, संभाव्यता. ५८ व्हिडिओ नीट चालले. शेवटच्या तिघांची नावं होती, आत मजकूर नव्हता. तो डिस्कवर उतरायच्या आतच वीज गेली होती.

तेव्हा त्याने विचारलं, "बाई, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क आहे की एसएसडी?" जुनी हार्ड डिस्क होती. एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क असती तर पुसलेली जागा मोकळी करणाऱ्या ट्रिम या सोयीमुळे पुसलेलं बहुधा कायमचं गेलं असतं. मी वीज आल्यावर कॉम्प्युटरवर फारसं काही केलं नव्हतं, तेही कामी आलं. त्याच उबंटूवरून त्याने कॉम्प्युटरच्या डिस्कवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइल्स शोधणारं सॉफ्टवेअर फिरवलं आणि सापडेल ते बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. फोटोरेक फाइलची ओळखखूण बघून तिला शोधतं, नाव परत देत नाही. एफ आणि लांबलचक आकडे अशा नावांच्या शेकडो फाइल्स निघाल्या. दोन दिवस एकेक उघडून पाहिली. त्यात माझे दोन तास सापडले.

तिसरा, अंकगणिती श्रेढीचा, अर्ध्यावर अडकत होता. फाइलीचे तुकडे डिस्कवर विखुरलेले असले की फोटोरेकला ते जोडता येतातच असं नाही. शनिवारी घटस्थापना होती. पूजा आटोपून मी फळा पुन्हा दाराला टांगला आणि तो तास पहिल्यापासून घेतला. रात्री तो ग्रुपवर टाकला, तेव्हा दहा वाजून गेले होते. तेवढ्यातच खारेगावच्या एका मुलीचा मेसेज आला: "बाई, बाबा आलेत, बघते आता."